दोन श्रावण आणि वाडगाभर कोंबडीभात

हसायचं तर हसा, मी काही तुमचं तोंड धरणार नाही. पण आधी सगळं ऐका. मध्येच दात काढलेत तर हातातला चहाचा कप काढून घेईन, सांगून ठेवते! मूर्खपणा मीच केला, ते कबूल. पण तो करताना मी इतकी संतापलेली होते ना, की आपण मूर्खपणा करतोय हे कळायलाच मला महिना लागला.

तर झालं असं, की सुनेला दिवस गेले.

आमची सून श्वेता इथलीच, बनारसची. माहेर चेतगंजला. आमच्या प्रशांतनं स्वतःच पसंत केली आणि मग आम्हाला सांगितलं. बरं, पोरगी गुणाची आहे, त्यात वाद नाही. पण तिसऱ्या महिन्यात तिला जो ओकाऱ्यांचा त्रास सुरू झाला, की देवा रे! फोडणीचा वास आला की ओकारी. हिंग उघडला की ओकारी. मी नुसती स्वयंपाकघराकडे निघाले तरी ती तोंडावर ओढणी धरायची. अहो, मी भुसावळची बाई. माझ्या घरात फोडणीशिवाय पाणीसुद्धा उकळत नाही! पंचवीस वर्षं झाली ह्यांच्या रेल्वेच्या नोकरीपायी बालाजी घाटामागच्या गल्लीत येऊन, पण मसाला अजून भुसावळहून येतो. आणि सून काय खायची? बिस्किटं आणि दही. गालफडं आत गेली पोरीची. डॉक्टरीणबाईनं वजन बघितलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीच तिला उपाशी ठेवलंय!

एका दुपारी तिच्या डोक्याला तेल लावत बसले होते. म्हटलं, "बाई गं, काहीतरी मनात येतच असेल ना? बोल. आकाशातलं असलं तरी आणते."

ती आधी लाजली. मग म्हणाली, "मम्मी जी, अस्सी की तरफ़ एक जापानी आंटी का छोटा-सा होटल था. कॉलेज में थे तो वहाँ जाते थे. कटोरे में गरम चावल, ऊपर मुर्गा और अंडा. मसाला कुछ नहीं. बस वही खाने का मन है."

मी टुणकन उठले. कोंबडी, अंडं आणि भात! एवढंच? अहो, हे काय डोहाळे झाले? हे तर आमच्या घरात बुधवारी असतंच!

"आज करते," मी म्हटलं.

"आज नहीं, मम्मी जी. सावन चल रहा है न. राखी के बाद."

झालं. इथेच माझं डोकं फिरलं.

आता हे महाराष्ट्रातल्या लोकांना ठाऊक नसतं, म्हणून सांगते. ह्या लोकांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावस्येला. म्हणजे ह्यांचा सावन गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी लागतो आणि राखीला संपतो. आपला श्रावण ह्यांचा सावन लागल्यावर पंधरा दिवसांनी, दिव्यांची अवस झाल्यावर लागतो. तेव्हा श्वेता सावन सावन करत होती, पण आपला आषाढच चालू होता! आणि आषाढात कोंबडी खायची नाही तर कधी खायची? सगळा महाराष्ट्र त्या दिवसांत कोंबडीच्या मागे धावत असतो!

तिला हे शांतपणे सांगता आलं असतं. पण शांतपणे बोलायला मी काय रेडिओवरची बाई आहे?

"कसला सावन?" मी कडाडले. "तू आता कुणाची सून आहेस? मराठ्यांची! ह्या घरात मराठी पंचांग चालतं. आमचा श्रावण लागलेला नाही, म्हणजे तुझाही लागलेला नाही. कळलं?"

"मम्मी जी, बचपन से मानते हैं…"

"बचपन गेलं चेतगंजला! इथे माझं पंचांग!"

पोरीनं तोंड भिंतीकडे केलं. "तो मैं नहीं खाऊँगी."

संध्याकाळी प्रशांत बँकेतून आला. बायकोचे सुजलेले डोळे बघितले आणि माझ्याकडे आला. "आई, तू का पेटतेस? तिला मी समजावतो. ह्या बाजूला दुकानं बंद आहेत, पण तिकडे स्टेशनपाशी कैंटला मिळेल. मी गुपचूप घेऊन येतो."

गुपचूप! हा शब्द ऐकला आणि माझ्या मस्तकात तिडीक गेली. "गुपचूप का? चोरी करतोय आपण? आपला महिना आहे, आपण उजळ माथ्यानं घेऊ, ह्या हातानं पिशवी धरून घेऊ! मी स्वतः जाते बबलूकडे."

"आई, बबलूचं शटर खाली आहे."

"शटर वर करायला लावते."

हे पेपरमागून म्हणाले, "अगं, शटर त्याचं आहे."

ह्यांच्याकडे मी लक्ष देत नाही. मी टोटो, म्हणजे इथली बॅटरीवरची रिक्षा केली आणि थेट मैदागिनच्या पलीकडे गेले. बबलूकडून आम्ही कोंबडी घेतो त्याला किती वर्षं झाली, मोजलेली नाहीत. शटर खाली, बाहेर स्टुलावर बबलू मोबाइल बघत बसलेला.

"उघड," मी म्हटलं.

"का हुआ चाची?"

"एक किलो, बिना हड्डी."

तो उठूनच उभा राहिला. "सावन में मुर्गा? मरवाइएगा का? सामने से काँवरिया जा रहे हैं!"

"माझा सावन नाही हा! माझा आषाढ आहे!"

आता हे मी मराठीत बोलले की हिंदीत, ते मला आठवत नाही. पण एवढ्या जोरात बोलले की रस्त्यावरचे दोन कावडवाले खांद्यावरची कावड सांभाळत थांबले. त्यातल्या एकानं मला हात जोडले आणि म्हणाला, "बोल बम, माता जी!" मीही रागारागानं "बोल बम!" म्हटलं आणि पुन्हा बबलूकडे वळले. त्याला सगळं पंचांग समजावलं. पौर्णिमा, अमावस्या, आपली, त्यांची. पानवाला पान लावायचं सोडून ऐकत होता. शेवटी बबलू काय म्हणाला माहितेय?

"चाची, आपका महीना सही, हमारा शटर सही. राखी के दूसरे दिन आइए, सबसे पहले आपको देंगे."

घरी आले ती धुमसतच. पदर खोचला आणि घोषणा केली, "राखी होऊ दे. राखीच्या दुसऱ्या दिवशी ह्या घरात कोंबडी शिजेल, आणि मग बघते मला कोण सावन शिकवतं ते!"

प्रशांतनं पुन्हा कैंटचं नाव काढलं. मी म्हटलं, कैंटची कोंबडी ह्या उंबऱ्याच्या आत आली तर मी उंबऱ्याच्या बाहेर. त्यानं बिचाऱ्यानं पिशवी परत खुंटीला लावली.

त्यानंतरचे दिवस काय सांगू? एका घरात दोन बायका, दोघी फुगलेल्या. ती बिस्किट खायची, मी तिच्याकडे बघून दात खायची. मी मुगाचं पाणी करून नेलं की म्हणायची, "रख दीजिए." ठेवलेलं तसंच राहायचं. मध्ये एकदा इतकी गळून गेली की दवाखान्यात नेऊन सलाईन लावावं लागलं. तिच्या उशाशी बसून मी त्या बाटलीतला एकेक थेंब बघत होते, आणि मनात एकच घोकत होते: राखी, राखी, राखी. ह्या गल्लीत बहिणींनीसुद्धा राखीची एवढी वाट बघितली नसेल!

आली एकदाची राखी. श्वेताचा भाऊ आला, राखी बांधून घेतली, जिलबी खाऊन गेला. ती परत आडवी झाली.

दुसऱ्या दिवशी बुधवार! सकाळी उठले तेव्हा अंगात काहीतरी संचारलंच होतं. माळ्यावरून कोंबडीची पातेली काढली. आमच्याकडे ती पातेली वेगळी असते. आदळआपट ऐकून हे पेपर खाली ठेवून म्हणाले, "अगं, ऐकतेस का, आज…"

"नाही ऐकत!"

"अगं, पण पंचांगात…"

"पंचांगाचं नाव काढू नका! महिनाभर पंचांगच चाललंय ह्या घरात! पोरगी काडी झालीय तिकडे!"

ह्यांनी पेपर पुन्हा वर धरला.

बबलूकडे ही रांग! सगळं बनारस महिनाभर उपाशी असल्यासारखं पिशव्या घेऊन उभं. मी रांग मोडून पुढे गेले. एक जण ओरडला, "माता जी, लाइन!" मी म्हटलं, "माझी रांग महिन्यापूर्वी लागलीय! विचार ह्याला!" बबलूनं मान हलवली, पण कापता कापता म्हणाला, "चाची, एक बात बताइए, आप मराठी लोगों का तो अभी…"

"तोंड नको चालवूस, हात चालव!"

त्यानं हात चालवला.

आता स्वयंपाक. सुनेनं दारात खुर्ची टाकून घेतली, ओढणी नाकाशी धरली, आणि मला सांगायला लागली. मला! चौथीतून शाळा सोडली तेव्हापासून चुलीपाशी उभी आहे मी!

"मम्मी जी, पहले प्याज़. लंबा काटिए. तेल नहीं."

"तेल नाही? मग कांदा परतू कशात, डोळ्यांच्या पाण्यात?"

"थोड़े पानी में. सोया सॉस और चीनी डालकर."

काळं पाणी, त्यात साखर, त्यात कांदा. माझा जीव तळमळत होता. हात आपोआप हळदीच्या डब्याकडे गेला.

"मम्मी जी, हल्दी नहीं!"

हात मागे घेतला. थोड्या वेळानं तोच हात जिऱ्याकडे निघाला. मी माझ्याच हातावर चापट मारली. खरंच मारली! मग त्या पाण्यात कोंबडीचे तुकडे सोडले, मंद आचेवर ठेवले. वरून फेटलेली अंडी ओतायची, म्हणाली, आणि झाकण ठेवून लगेच उतरवायचं. अंडं थरथरतं राहिलं पाहिजे.

"थरथरतं म्हणजे कच्चं?"

"आधा कच्चा. वैसा ही अच्छा लगता है."

"पोटुशी बाई कच्चं अंडं खाणार? माझ्या घरात? थरथरायचं असेल तर तू थरथर, अंडं शिजणार!"

झाकण ठेवलं आणि वर हात धरून उभी राहिले, कुणी उचलू नये म्हणून. ती मागून काहीतरी पुटपुटली. मी वळून बघते तर, अहो, हसत होती! महिन्यात पहिल्यांदा. म्हणाली, ह्या भाताच्या जपानी नावाचा अर्थच माय-बाप आणि लेकरू. कोंबडी म्हणजे माय-बाप, अंडं म्हणजे लेकरू.

"श्शी! असलं नाव ठेवतात का खाण्याला? आणि अशा दिवसांत तोंडातून काढतात का?" मी ओरडले. पण खरं सांगू? ती हसली त्यानं माझ्या छातीवरचा धोंडाच उतरला. तो उतरला हे कळू नये म्हणून मी आणखी मोठ्यानं ओरडले.

गरम भात वाडग्यात घातला, वर ते सगळं अलगद सोडलं, कांद्याची हिरवी पात चिरून टाकली आणि तिच्या हातात दिलं. ती बघत होती वाडग्याकडे, मी बघत होते तिच्याकडे. प्रशांतनं तर बादली आणून ठेवली होती.

पहिला घास. दुसरा. तिसरा. बादली कोरडी!

वाडगा संपला. पोरीनं वाडगा तोंडाला लावून तळातला रस्सासुद्धा प्यायला. डोळ्यांत पाणी. म्हणाली, "मम्मी जी, अंडा ज़्यादा पक गया. पर बहुत अच्छा है."

मग मात्र मला भूक लागली. महिनाभराची भूक! राग उतरला की जी लागते ना, ती. मी एक वाडगा खाल्ला. फोडणीशिवाय, हळदीशिवाय, तरी गोड लागला. दुसरा घेतला. दारातच पाट टाकून बसले, दार उघडं टाकलं, म्हटलं बघू दे गल्लीला, आमच्या घरी कोंबडी शिजलीय, गुपचूप नाही!

आणि गल्लीतून कोण यावं? रामघाटाच्या कमलाकाकू.

ह्या काकू म्हणजे भिक्षुकाच्या घरातल्या. सोवळं कडक. त्यांच्या घरी मी जेवते, माझ्या घरी त्या फक्त केळं खातात. पण मायेच्या. लेकीच्या बाळंतपणाला महिना-दोन महिने पुण्याला गेल्या होत्या, त्या कालच परतलेल्या. हातात हळदीकुंकवाची कोयरी.

"शोभे, शुक्रवारी जिवतीची सवाष्ण म्हणून तुला…" म्हणत त्या आल्या आणि थबकल्या. माझ्या हातात वाडगा, तोंडात घास.

"हे काय खातेयस गं?"

"कोंबडीभात!" मी छाती पुढे काढून म्हटलं. "काकू, तुम्हाला ठाऊक नाही, महिनाभर रामायण झालंय. राखी झाली, सावन संपला, तेव्हा कुठे…"

"कालच्या पौर्णिमेला आपण काय म्हणतो, शोभे?"

"राखी."

"ते इथले म्हणतात. आपण काय म्हणतो?"

"नारळी पौर्णिमा," मी म्हटलं. तोंडातला घास तोंडातच.

"ती कुठल्या महिन्यात येते?"

काय सांगू तुम्हाला! त्या घासाला ना खाली जाता येईना, ना वर येता येईना. नारळी पौर्णिमा श्रावणात येते. श्रावणाच्या ऐन मध्यावर! म्हणजे त्यांचा सावन संपला होता, आपला निम्मा उरला होता! महिनाभर ज्या मराठी पंचांगासाठी मी सुनेला रडवलं, बबलूला झापलं, कावडवाल्यांना बोल बम म्हटलं, त्याच पंचांगाच्या छातीवर बसून मी कोंबडी चापत होते! आणि दिव्यांची अवस? ती आली तेव्हा मी दवाखान्यात सलाईनचे थेंब बघत होते. घरात दिवासुद्धा लावला नव्हता, श्रावण लागला हे मला कुणी सांगायचं?

मी गर्रकन वळले. "तुम्हाला माहीत होतं?"

हे पेपरमागून म्हणाले, "सकाळी दोनदा सांगायला गेलो होतो."

"मग जोरात का नाही सांगितलं?"

"तुझ्यापेक्षा जोरात?"

काकूंपुढे मला तोंड दाखवायला जागा नव्हती. मग मी काय केलं असेन? जे नेहमी करते तेच. आवाज चढवला. "काकू, पोरगी पोटुशी आहे! अन्न जात नव्हतं तिच्या पोटात! सावन असो, श्रावण असो, मी तिला खाऊ घालणारच होते!"

वाटलं, आता काकू कोयरी मिटून निघून जाणार. तर त्या सरळ श्वेतापाशी गेल्या, तिच्या तोंडावरून हात फिरवला.

"अगं, पोटुशी बाईला कसला सावन आणि कसला श्रावण? तिला सगळं माफ असतं. पहिल्याच दिवशी एवढं सांगितलं असतंस तर पोरीनं महिन्यापूर्वीच खाल्लं असतं. ह्यात पंचांग काढलंस कशाला?"

श्वेता हळूच म्हणाली, "हमारी नानी भी यही कहती हैं."

"मग तू का नाही बोललीस?" मी.

"आपने पूछा कहाँ, मम्मी जी? आपने तो पंचांग पढ़ दिया."

काकू माझ्याकडे वळल्या. "तिनं खाल्लं ते उत्तम केलं. पण शोभे, तू का खाल्लंस? तुला कितवा महिना?"

प्रशांत बादली घेऊन आत पळाला. हसायला पळाला, मला काय कळत नाही?

काकूंनी मग कोयरी उघडली, श्वेताला कुंकू लावलं आणि म्हणाल्या, "शुक्रवारी सवाष्ण म्हणून तू ये हो बाळ. पुरणपोळी करणार आहे. सासूला घरी ठेव." आणि गेल्या. केळंसुद्धा न खाता.

मग पेपर खाली आला. हे म्हणाले, "म्हणजे सावनात शोधली आणि श्रावणात खाल्ली."

मी काही फेकून मारणार, तेवढ्यात श्वेतानं रिकामा वाडगा पुढे केला. "मम्मी जी, थोड़ा और है?"

होतं. पातेलीच्या तळाशी एका माणसापुरतं होतं. राग गिळला आणि सगळं तिला वाढलं. पोरीनं घास घेतला, माझ्याकडे बघितलं, वाडगा अर्धा माझ्यापुढे सरकवला. "आप भी लीजिए न."

आणि दोन वाडगे हाणून, ओठांना रस्सा तसाच लागलेला असताना, मी बया पदर सावरून काय म्हणाले असेन?

"नको गं, मला श्रावण आहे."